छापा दोघांचा, जाब विचारायचा कुणाला?

प्रति,
संघटित आणि गंभीर गुन्ह्यांविरुद्ध संयुक्त पथकं उभारणारे पोलीस प्रमुख,
आणि त्या पथकांच्या फायलींवर सही करणारे गृहखात्यांतले अधिकारी,

स. न. वि. वि.

मी आयुष्यभर सरकारी वकील होते. तुमची पथकं माणसं पकडून आणायची आणि न्यायालयात गुन्हा शाबीत करायचं काम माझ्याकडे यायचं. त्यामुळे तुमच्या कामाची जी बाजू मी पाहिली ती छाप्याची नाही, छाप्यानंतर दोन-तीन वर्षांनी उघडणाऱ्या फायलीची आहे. पत्र त्या बाजूने लिहिलंय, हे आधीच सांगून टाकते.

एक खटला माझ्या डोक्यातून जात नाही. दोन खात्यांचं संयुक्त पथक, सात महिन्यांची पाळत, मध्यरात्रीचा छापा. सापडलेला मुद्देमाल म्हणजे दोन हिशोबाच्या वह्या आणि सहा फोन. वह्यांमध्ये टोळीचा सगळा पैसा होता, कुणाकडून आला, कुणाला गेला, तारखांसकट. असा पुरावा वकिलाला क्वचित मिळतो. मी खूश होते.

मग बचाव पक्षाच्या वकिलांनी दोन खात्यांच्या दोन नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत घरात शिरल्याची वेळ दोन वाजून दहा मिनिटं, दुसरीत दोन पस्तीस. मुद्देमालाच्या पाकिटावर दोन सीलं आणि दोन वेगळे क्रमांक. पंचवीस मिनिटं त्या वह्या कुणाच्या ताब्यात होत्या? खरं उत्तर अगदी साधं होतं. एकाने फाटकातून आत गेल्याची वेळ लिहिली होती, दुसऱ्याने आतल्या खोलीत पोचल्याची. पण उलटतपासणीत वकिलांनी दोघाही अधिकाऱ्यांना तोच एक प्रश्न विचारला: "त्या खोलीत तुम्ही कुणाच्या हुकुमावरून होतात?" पहिल्याने दुसऱ्याचं नाव घेतलं, दुसऱ्याने पहिल्याचं. दोघंही खोटं बोलत नव्हते. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की आपण मदतीला आलोय आणि मोहीम समोरच्याची आहे.

वह्या पुराव्यातून बाद झाल्या. संशयाचा फायदा.

कुणी कामचुकार नव्हतं, कुणी विकलं गेलं नव्हतं, तरी खटला पडला, म्हणून हे लिहावंसं वाटलं. दोन खाती एकत्र येतात तेव्हा माणसं दुप्पट होतात, साधनं दुप्पट होतात. जबाबदारी मात्र दुप्पट होत नाही. ती दोघांच्या मधल्या फटीत पडते. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं.

संयुक्त पथकांना माझा विरोध आहे असा अर्थ कृपया काढू नका. टोळीचा गुन्हा मुळात तुकड्यांत कापलेला असतो. माल एकीकडे उतरतो, पैसा दुसरीकडे धुतला जातो, हुकूम तिसरीकडून सुटतो. प्रत्येक ठाण्याला आपल्या हद्दीतला तुकडा तेवढा दिसतो आणि तो किरकोळ वाटतो. संयुक्त राष्ट्रसंघाचा संघटित गुन्हेगारीविरोधी करार 2000 साली झाला, 2003 पासून लागू आहे. त्याची व्याख्या रुक्ष आहे पण नेमकी: तीन किंवा अधिक माणसं, काही काळ टिकून असलेला गट, आणि कमाल शिक्षा किमान चार वर्षांची असलेला गुन्हा. त्यातलं 19 वं कलम देशोदेशींच्या संयुक्त तपासाबद्दलच आहे. एकट्यादुकट्या खात्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, हे जगाने मान्य केलेलं आहे. तो वाद संपला.

एकत्र न येण्याची किंमत काय असते ते बेल्जियमने पाहिलंय. 1995 च्या उत्तरार्धात तिथल्या जांदार्मरीने, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय पोलीस दलाने, मार्क द्युत्रू या माणसावर पाळत ठेवली होती. मुली पळवल्याचा संशय होता. पण बेपत्ता मुलींचा तपास ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता त्यांना ही माहिती नीट दिलीच गेली नाही. डिसेंबरमध्ये त्याच्या घराची झडती झाली. सोबत नेलेल्या कुलूपवाल्याला लहान मुलांचे आवाज ऐकू आले. अधिकाऱ्याने ठरवलं की ते रस्त्यावरून येतायत. मुली तळघरात होत्या, आणि नंतर तिथेच उपासमारीने गेल्या. ऑगस्ट 1996 मध्ये सगळं उघडकीला आल्यावर ब्रसेल्सच्या रस्त्यांवर सुमारे 3 लाख माणसं पांढरे कपडे, पांढरे फुगे घेऊन उतरली. तरीही पोलीस दलांची फेररचना रखडलीच. एप्रिल 1998 मध्ये द्युत्रू काही तासांसाठी पळाला, दोन मंत्र्यांना जावं लागलं, तेव्हा कुठे जांदार्मरी बरखास्त करून एकात्मिक पोलीस दलाचा कायदा झाला. ते प्रकरण टोळीचं नव्हतं. पण "हे आमचं, ते तुमचं" या वृत्तीचा इतका उघडा नमुना दुसरा मला ठाऊक नाही.

आणि एकत्र येणं म्हणजे काय असतं, तेही पाहिलं गेलंय. इटलीत, सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात रोक्को किन्नीची हे न्यायदंडाधिकारी होते. माफियाचे तपास वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेले असतात, ते एकत्र वाचले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. 29 जुलै 1983 ला गाडीतल्या बॉम्बने त्यांना मारलं. त्यांच्या जागी आलेल्या आंतोनिनो कापोनेत्तो यांनी तो विचार व्यवस्थेत बसवला. जोव्हानी फाल्कोने, पाओलो बोर्सेलिनो आणि आणखी दोघे, एकच गट, आणि प्रत्येकाला सगळी माहिती. यामागचा हिशेब थंड डोक्याचा होता: एकालाच माहिती असेल तर त्या एकाला मारून खटला मारता येतो. सगळ्यांना असेल तर नाही. फाल्कोने बँकांचे धनादेश एकेक करून माग काढत बसायचे. कंटाळवाणं काम. त्यातून 10 फेब्रुवारी 1986 ला जो महाखटला सुरू झाला त्यात सुमारे 475 आरोपी होते आणि 16 डिसेंबर 1987 ला 338 जणांना शिक्षा झाली.

मला यात विशेष महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. निकालानंतर काही आठवड्यांतच कापोनेत्तोंच्या जागेवर फाल्कोनेंऐवजी ज्येष्ठतेच्या निकषावर दुसऱ्याची निवड झाली आणि नव्या प्रमुखांनी प्रकरणं पुन्हा वेगवेगळ्या टेबलांवर वाटून टाकली. 1988 च्या उन्हाळ्यात बोर्सेलिनोंना याविरुद्ध जाहीरपणे बोलावं लागलं. म्हणजे देशातला सर्वांत यशस्वी संयुक्त तपास एका नेमणुकीने मोडला, कारण तो कागदावर नव्हता, माणसांच्या भरवशावर होता. राज्य पोलीस, काराबिनिएरी (लष्करी पोलीस) आणि वित्तीय पोलीस या तिन्ही दलांना जोडणारी माफियाविरोधी यंत्रणा इटलीने कायद्याने उभी केली ती 1991 च्या शेवटी. पुढच्याच वर्षी 23 मेला फाल्कोने आणि 19 जुलैला बोर्सेलिनो मारले गेले.

तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळ्यांनी सगळं सगळ्यांना सांगायचं का? नाही. इथेच खरी गाठ आहे, आणि ती खबऱ्यांची आहे.

खबरी ही प्रत्येक खात्याची खासगी मिळकत असते. तो कोण आहे, त्याला काय दिलं, त्याच्या कोणत्या गुन्ह्याकडे काणाडोळा केला, हे शेजारच्या खात्याला सांगायची कुणाची तयारी नसते. बॉस्टनमध्ये जेम्स 'व्हायटी' बल्जर हा टोळीप्रमुख 1975 पासून एफबीआयचा, म्हणजे अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेचा, खबरी म्हणून नोंदलेला होता. इटालियन माफियाची माहिती हवी, म्हणून आयरिश टोळीच्या म्होरक्याला सांभाळलं. त्याच वेळी मॅसॅच्युसेट्स राज्य पोलीस त्याच बल्जरच्या मागे होते. 1980 मध्ये त्यांनी लँकेस्टर स्ट्रीटवरच्या एका गॅरेजमध्ये ध्वनिग्राहक बसवले, आणि थोड्याच दिवसांत टोळीचं बोलणंच बदललं. पोलिसांना माहिती द्यायला तयार झालेली माणसं मारली गेली. डिसेंबर 1994 मध्ये अटकेची कुणकुण लागून बल्जर पसार झाला तो सापडला 2011 मध्ये, सांता मोनिकात. त्याला सांभाळणारा एफबीआयचा अधिकारी जॉन कॉनली 2002 मध्ये टोळीला साथ दिल्याबद्दल आणि 2008 मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला.

वाईट अधिकारी कुठेही निघतो, त्याला खात्याने काय करावं, असं यावर म्हणता येईल. मी ते मानत नाही. दोन खाती एकाच माणसाबद्दल उलट दिशेने काम करत होती आणि हे दोघांच्याही वर बसून पाहणारं कुणी नव्हतं, ही व्यवस्थेची चूक होती. खबऱ्यांची नावं पथकात वाटू नका. पण पथक सुरू होण्याआधी प्रत्येक खात्याने आपल्या खबऱ्यांची यादी एका तिसऱ्या, तपासात नसलेल्या अधिकाऱ्यासमोर ठेवावी आणि त्याने एवढंच पाहावं: यातला कुणी आपल्या संशयितांत आहे का? हे करायला लागणारा वेळ एका दुपारचा. त्याने किती जीव वाचतील, ते बॉस्टनला विचारा.

आता त्या माणसाबद्दल, जो टोळीतही नाही आणि पोलिसांतही नाही.

जुलै 2014. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, ग्रँड रॅपिड्स शहर. एक 21 वर्षांचा विद्यार्थी रस्त्याने चाललाय. साध्या वेशातले दोन जण त्याला अडवतात, नाव विचारतात, पाकीट काढून घेतात. त्याला वाटतं लुटारू आहेत. तो पळतो, ते त्याला पकडून बेदम मारतात. एक एफबीआयचा अधिकारी, दुसरा शहर पोलिसांचा, दोघंही फरारी आरोपी शोधणाऱ्या संयुक्त पथकातले. हवा असलेला माणूस हा नव्हताच. चोर सोडून संन्याशाला, ते हेच. वर खटलाही त्याच्यावरच भरला गेला, ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.

मग त्याने दाद मागितली, आणि इथे संयुक्त पथकाची खरी करामत दिसते. शहर पोलिसांच्या माणसावर राज्याच्या अधिकाऱ्यांसाठीच्या कायद्याखाली दावा लावावा, तर उत्तर आलं की त्या क्षणी तो संघीय पथकात होता, राज्याचा नव्हताच. संघराज्यावर लावावा, तर त्याच्या वेगळ्या अटी आणि वेगळी ढाल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये एका तांत्रिक मुद्द्यावर सरकारच्या बाजूने निर्णय देऊन खाली परत पाठवलं गेलं. तोवर साडेसहा वर्षं उलटली होती. मारलं कुणी, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मारणारे त्या क्षणी कुणाचे होते, यावर ही सगळी वर्षं गेली.

कॅमेऱ्यांचंही तसंच झालं. अटलांटात जानेवारी 2019 मध्ये एफबीआयच्या संयुक्त पथकाच्या कारवाईत एक निःशस्त्र तरुण गोळीने मेला. गोळी झाडणारा शहर पोलिसांचा होता. शहर पोलिसांना अंगावर कॅमेरा लावायची सक्ती, पण संघीय पथकात गेलं की कॅमेरा चालत नसे. एकच माणूस, सकाळी कॅमेऱ्यासकट, दुपारी कॅमेऱ्याविना. त्या वर्षी अटलांटाच्या पोलीस प्रमुखांनी आपली माणसं अशा पथकांतून काढूनच घेतली. संघीय न्याय खात्याने नियम बदलून अशा पथकांत कॅमेऱ्यांना मुभा दिली ती ऑक्टोबर 2020 मध्ये. मला त्या पोलीस प्रमुखांचं कौतुक वाटतं. 'आमची माणसं, तर नियमही आमचे' एवढं म्हणायला हिंमत लागते.

दोन नियमांतला सैल नियम निवडायची ही सवय फार घातक आहे. सैल नियमांत विशेष पथक किती खाली जातं, ते बाल्टिमोरच्या बंदूकशोध पथकाने दाखवलं. ते एकाच खात्याचं होतं, पण 'विशेष' असल्याने कुणी फार विचारत नसे. मार्च 2017 मध्ये त्यातल्या सात जणांवर संघीय आरोपपत्र आलं: लूटमार, खोट्या झडत्या, न केलेल्या जादा कामाचे पैसे. आणि कायदा कोणता लावला? 'रिको', 1970 साली माफियासाठी केलेला. कुंपणाने शेत खाल्लं की कुंपणालाही शेत खाणाऱ्याचाच कायदा लागतो, हे एका परीने बरंच झालं.

युरोपने या बाबतीत बरं काम केलंय. युरोपीय महासंघाच्या 2002 च्या चौकट निर्णयानुसार (सदस्य देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचा सामाईक निर्णय) तिथे दोन किंवा अधिक देशांचं संयुक्त तपास पथक उभं राहतं ते लेखी करारानेच. उद्देश काय, मुदत किती, प्रमुख कोण, सगळं आधी ठरतं. पथक ज्या देशात काम करत असेल तिथला कायदा चालतो आणि तिथलाच अधिकारी प्रमुख असतो. कागदांची भर पडते, खरंय. पण 2020 मध्ये एन्क्रोचॅट ही गुन्हेगारांत लोकप्रिय झालेली गुप्त संदेशसेवा फोडली ती फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या अशाच पथकाने. त्यातून जून 2023 पर्यंत जगभरात साडेसहा हजारांवर अटका झाल्याचं युरोपोलने, म्हणजे महासंघाच्या पोलीस सहकार्य संस्थेने, सांगितलं. तेव्हा कागदाने काम अडतं, ही सबब मला सांगू नका.

अर्थात तिथेही फट राहिलीच. संदेश मिळवले कसे, हे फ्रान्सने राष्ट्रीय संरक्षणाचं गुपित म्हणून झाकून ठेवलं. ते संदेश पुरावा म्हणून वापरले गेले जर्मनीसारख्या इतर देशांतल्या खटल्यांत. आरोपीने विचारलं, हे कसं मिळवलं, तर उत्तर, ते फ्रान्सला ठाऊक. फ्रान्सला विचारावं, तर आळीमिळी गुपचिळी. शेवटी 30 एप्रिल 2024 ला युरोपीय महासंघाच्या न्यायालयाला सांगावं लागलं की ज्या पुराव्याबद्दल आरोपीला नीट म्हणणं मांडता येत नाही आणि जो निकालावर मोठा परिणाम करू शकतो, तो राष्ट्रीय न्यायालयांनी बाजूला ठेवावा. वकील म्हणून मला हा निर्णय आवडला, सरकारी वकील असूनही. मोठ्या टोळीविरुद्धची शिक्षा अपिलात टिकायला हवी असेल तर पुरावा कुठून आला हे सांगणारं एक तोंड न्यायालयात उभं राहिलंच पाहिजे.

अजून एक गोष्ट, थोडी हलकी वाटेल. तुमच्या पत्रकार परिषदा. समोरच्या टेबलावर मांडलेली हत्यारं, नोटांच्या गड्ड्या, आणि मागे एका ओळीत उभे आठ-दहा अधिकारी, प्रत्येक खात्याचा फलक फ्रेममध्ये येईल असे. मला त्याचा राग नाही, मेहनत केलेली असते. पण तोच खटला उभा राहतो तेव्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात माझ्यासोबत कोण असायचं? एक हवालदार, तोही कुणीतरी पाठवलेला, फाईल न वाचलेला. त्या ओळीतल्या एकाचं नाव "या खटल्याचा निकाल लागेपर्यंत जबाबदार" असं जाहीर करा. बाकीच्यांनी खुशाल फोटोत उभं राहावं. बदली झाली तरी ते नाव बदलायचं नाही, आणि बदललं तर का ते लिहायचं. कापोनेत्तोंच्या जागी दुसरे आले तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे.

साक्षीदारांचाही विचार करा. माझ्या एका साक्षीदार बाईंनी एकच हकीकत दोन खात्यांना दोनदा सांगितली होती, पाच आठवड्यांच्या अंतराने. दुसऱ्यांदा त्या एक तपशील विसरल्या आणि एक नवा आठवला. माणूस असाच असतो. पिंजऱ्यात दोन जबाब त्यांच्यासमोर धरले गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "यातला कुठला माझा धरायचा?" टोळीविरुद्ध बोलायला आलेल्या बाई, जीव मुठीत धरून आलेल्या. एकच जबाब, दोन्ही खात्यांसमोर, एकदाच घेतला असता तर त्यांना तिथे खोटारडं ठरावं लागलं नसतं.

तेव्हा मागणं एका पानाचं आहे. पुढचं पथक उभं कराल तेव्हा पहिल्या बैठकीत, पाळत ठेवायच्या आधी, एक पान लिहा. छाप्यात हुकूम कुणाचा. घड्याळ कुणाचं आणि नोंदवही कुणाची, एकच. मुद्देमाल कुणाच्या कपाटात. नियमांत फरक असेल तर दोन्हींतला कडक लागू. चूक झाली, भलत्याच माणसाला मारहाण झाली, तर दाद कुणाकडे, आणि ते पान लोकांना वाचायला मिळेल असं ठेवा. बाकीचा करार गुप्त ठेवा, हरकत नाही. एवढं एक पान उघडं ठेवल्याने कुठल्याही टोळीला काही कळणार नाही.

त्या खटल्याच्या निकालानंतर दोन्ही अधिकारी मला वेगवेगळे भेटले. दोघंही म्हणाले, "मॅडम, आमच्या बाजूने सगळं चोख होतं." मी दोघांनाही हो म्हटलं. दोन सीलांचं ते पाकीट आता कुणी घेऊन जायचं, यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार सुरू झाला. मी निवृत्त झाले त्या दिवशी ते माझ्या कार्यालयातच होतं, खिडकीखालच्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात.

आपली,
एक निवृत्त सरकारी वकील